‘वाढवावे ही विनंती’

मी संशयी बाई आहे. जन्माने नव्हते, नोकरीने झाले. दूधवाल्याने पातेल्यात दूध ओतलं की मी अजूनही पातेलं उजेडात धरून बघते, आणि नात शाळेतून येऊन "आज काहीच झालं नाही" म्हणाली की काहीतरी नक्की झालंय अशी माझी खात्री पटते. घरचे हसतात. हसू देत. बँकेच्या ज्या टेबलावर मी बसले, तिथे भोळ्या माणसाचा निभाव लागला नसता.

नव्वदच्या दशकात आमच्या बँकेला क्रेडिट कार्डाची हौस आली. मुंबई-पुण्यात कार्डं खपली, मग मोर्चा सातारा-सांगलीकडे वळला. डॉक्टर, वकील, व्यापारी, साखर कारखान्यातले अधिकारी अशांना गाठून कार्डं दिली गेली. कार्ड देण्याचं काम आमच्या साहेबांकडे होतं. त्यात हार, पेढे आणि फोटो असायचे. कार्ड बंद करण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यात पेढे नव्हते. दोन्ही जिल्ह्यांतल्या ज्याला म्हणून कार्ड नकोसं होई, त्याचं पत्र साताऱ्याच्या आमच्या कचेरीत माझ्या टेबलावर येई.

आजच्या पिढीला सांगायला हवं, की तेव्हा दुकानात कार्ड घासायचं यंत्र विजेवर चालत नसे. कार्ड खाली, वर कार्बनचा कागद, आणि त्यावरून एक दांडा खर्रकन सरकवायचा. कार्डावरचे उठावाचे आकडे कागदावर उमटायचे. तो कागद पोस्टाने फिरत फिरत मुंबईला जायचा. पेट्रोल पंपावरचा कागद तर दीड-दीड महिना वाटेत असायचा. म्हणून कार्ड बंद करायचं तर पहिली गोष्ट ही, की आधी ते वापरणं थांबवायचं आणि मागे राहिलेले सगळे कागद मुंबईला पोचेपर्यंत दम धरायचा. मग शेवटचं बिल पैशासकट चुकतं करायचं. वरची चिल्लर राहिली तरी तिला व्याज लागतं आणि व्याजाला पुन्हा व्याज. वार्षिक फीची तारीख उलटायच्या आत अर्ज द्यायचा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायचा, कार्ड आकड्यांमधून आडवं कापून तुकडे बँकेला परत द्यायचे. आणि सर्वात शेवटी, जे कुणीच करत नसे ते करायचं: ‘आपल्याकडून काही येणे नाही’ असं बँकेकडून लेखी घ्यायचं आणि ते मरेपर्यंत जपायचं.

हे नाही केलं तर काय होई? पत जाई. आता पत मोजणारा आकडा संगणकावर मिळतो म्हणे. तेव्हा आकडा नव्हता, पण त्याहून वाईट गोष्टी होत्या. एका बँकेने दुसरीला बंद पाकिटात विचारायचं, ‘अमुक इसमाबद्दल आपले मत कळवावे.’ उत्तरात एक तिरका शब्द आला की त्या इसमाला कळतही नसे, की कर्ज का नाकारलं. शिवाय मुंबईहून दुकानांत एक पिवळी पुस्तिका यायची. थकलेल्या, हरवलेल्या, चोरीच्या कार्डांचे नंबर बारीक अक्षरात ओळीने छापलेले. तसलं कार्ड पकडून देणाऱ्या दुकानदाराला बक्षीस असे. त्यामुळे सांगलीच्या कापडपेठेतले काही नोकर ती पुस्तिका परीक्षेच्या तयारीने वाचत.

सगळं बिनचूक करणारं गिऱ्हाईक मला सबंध नोकरीत एकच भेटलं. वडूजकडचे निवृत्त सुभेदार. मुलाने हौसेने त्यांना कार्ड काढून दिलं होतं. ते एके दिवशी कडक इस्त्रीत आले, कार्डाचे चार तुकडे टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "मॅडम, याचं डिस्चार्ज बुक द्या."

"कसलं बुक?"

"फौजेतनं सुटताना आम्हाला डिस्चार्ज बुक मिळालं. तवाच आमी सुटलो. तुमचं कार्ड सुटलं ह्याला कागद काय?"

मी म्हटलं, मुंबईहून पत्र येईल पंधरा-वीस दिवसांत, घरी पाठवते. ते म्हणाले, "मी येतो." आणि दर सोमवारी वडूजहून एसटीने येऊन माझ्यासमोरच्या बाकावर ताठ बसायचे. बोलायचे नाहीत, नुसतं बघायचे. तिसऱ्या सोमवारी मी स्वतःच मुंबईला फोन लावून पत्र मागवून घेतलं. त्यांनी ते तिथेच दोनदा वाचलं, तारीख तपासली, सलाम ठोकला आणि गेले. त्यांचा मला राग आला होता, पण मनातून कौतुकही वाटलं. बँकेवर माणसाने असाच संशय घ्यावा.

उलट साताऱ्यातल्या एका दंतवैद्याने मला कायमचा धडा दिला. कार्डाचे दोन तुकडे बायकोसमोर केले, तिला समाधान वाटलं, आणि मग पठ्ठ्याने ते मागून चिकटपट्टीने जोडले. दांड्याच्या यंत्राला काय, आकडे उमटल्याशी मतलब. चार महिने त्या जोडकार्डावर त्याचं हॉटेलिंग चाललं होतं. बायको बिल घेऊन माझ्याकडे आली तेव्हा तो मलाच म्हणाला, "बँकेची काहीतरी गफलत असेल." त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. कुणी काहीही सांगो, आधी खोटं धरायचं, मग खरं ठरलं तर ठरलं.

आणि नेमक्या या शहाणपणाच्या भरात माझ्या हातून ती चूक झाली. ती सांगायलाच हा लेख लिहिते आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात दादगोंडा आप्पा म्हणून हळदीचे जुने अडते होते. अडते म्हणजे शेतकऱ्याची हळद आपल्या वखारीत ठेवून घ्यायची, भाव आला की सौद्यात, म्हणजे यार्डातल्या लिलावात, विकून द्यायची आणि पैसे त्याच्या हाती मोजायचे. पलूस, कडेगावकडचे शेतकरी वर्षाची सगळी हळद आप्पांच्या वखारीत पोत्यांनी आणून टाकत. पावती बेताचीच. सगळा व्यवहार आप्पांच्या शब्दावर. आमच्या साहेबांनी असा वजनदार माणूस बघून त्यांच्या गळ्यात कार्ड बांधलं. आप्पांनी ते दोनदा वापरलं, बिलं वेळेवर भरली, आणि वर्ष सरायच्या आत त्यांचं पत्र माझ्या टेबलावर आलं. ठसठशीत मोडी वळणाची बाळबोध अक्षरं. सगळं क्षेमकुशल, आणि शेवटी, ‘सबब आमचे कार्ड या महिनाअखेर वाढवावे ही विनंती.’

मराठी पत्रांचा इंग्रजीत सारांश करून मुंबईला धाडणं हे माझंच काम. मी लिहिलं, ग्राहक खर्चाची मर्यादा वाढवून मागतो आहे. आणि माझा स्वभाव गप्प बसेना. दोनदाच कार्ड वापरलेला माणूस एकाएकी मर्यादा कशाला वाढवून मागतो? दंतवैद्य डोक्यात होताच. खाली शेरा मारला, ‘नजर ठेवावी.’

मुंबईवाल्यांनी मर्यादा वाढवली, वर्ष भरताच नवं कार्ड पाठवलं, वार्षिक फीचं बिल पाठवलं, आणि माझा शेराही जपून ठेवला. बिल दोनदा थकलं. एरवी दोन बिलांना कुणी हूं की चूं करत नसे. इथे ‘नजर ठेवावी’ लिहिलेलं होतं. कार्डाचा नंबर पिवळ्या पुस्तिकेत गेला, आणि पुण्याच्या एका वसुली कंपनीला आप्पांचा पत्ता गेला.

मला हे सगळं आप्पा स्वतः साताऱ्याला आले तेव्हा कळलं. सत्तरीचे, धोतर-टोपीतले, हाताला हळदीचा पिवळा रंग कायमचा बसलेला. खुर्चीवर बसले नाहीत.

"बाई, मी तुमचं कार्ड वाढवलं होतं," ते म्हणाले.

"होय ना," मी फाईल उघडून म्हटलं. "वाढवलंय की."

"वाढवलंय न्हवं? मग फी कशाची?"

"आप्पा, वाढवलं की फी येणारच."

"ही कुठली रीत? वाढवल्यावर फी घेता, मग चालू ठेवल्यावर काय घेता?"

मला वाटलं म्हातारा पक्का आहे, शब्दाचा खेळ करून फी बुडवतोय. मी विचारलं, "कार्ड कुठाय तुमचं? जुनं?"

"कृष्णेत सोडलं."

"काय?"

"लक्ष्मीची वस्तू. तिला कातरी लावायची आमच्यात रीत न्हाई. हळद-कुंकू वाहिलं आन् घाटावरनं सोडली."

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं मी हरवलेली, चोरीला गेलेली, कुत्र्याने चावलेली कार्डं ऐकली होती. नदीला वाहिलेलं कार्ड पहिलंच. त्याला पुरावा काय? नवं आलेलं कार्ड कुठे आहे, असं विचारलं तर म्हणाले, "तुमची इंग्रजी पाकिटं तारेला ओवलीत. वाढवलेल्या खात्याची पत्रं फोडून काय करायची?" माझा संशय दसपट झाला.

मग त्यांनी खरं काय झालं ते सांगितलं. ऐन सौद्याच्या वेळी, यार्डात माणसांची दाटी असताना, पुण्याचा वसुलीवाला मोटरसायकल थेट दुकानाच्या पायरीपर्यंत घेऊन आला होता. आप्पांचं नाव घेऊन, बँकेचं थकलंय, कधी देता, असं चारचौघांत ओरडला. कापडपेठेतल्या एका नोकराने पिवळ्या पुस्तिकेतला नंबर आप्पांच्या जुन्या खरेदीच्या कागदाशी ताडून पाहिला होताच. त्यानेही तोंड चालवलं. दुसऱ्या दिवशी कडेगावचे सर्जेराव ट्रॅक्टर घेऊन आले आणि आपली सगळी पोती वखारीतून उचलून दुसऱ्या अडत्याकडे घेऊन गेले. त्यांच्यामागे पलूसचे तिघे गेले.

"पोत्यांचं न्हाई वो," आप्पा म्हणाले. "सर्जा माझ्या मांडीवर खेळलाय. त्येच्या बापाची हळद मी इकली. जाताना माझ्याकडं बघितलं न्हाई त्येनं." मी तरीही म्हटलं, "चौकशी करते." आणि ते गेल्यावर फाईलवर लिहिलं, ‘ग्राहकाचे म्हणणे संशयास्पद. जागेवर पडताळणी आवश्यक.’

त्या आठवड्यात मी पडताळणीला सांगलीला गेले. न कळवता. कळवून गेलं की लोक पुरावे लपवतात, हे माझं तेव्हाचं मत. दुकानात तारेवर सगळी पाकिटं होती, खरंच एकही न फोडलेलं. मी एकेक काढून फोडलं. नवं कार्ड त्यातल्याच एकात निघालं, कागदाला चिकटवलेलं, कुणी हातही न लावलेलं. आता मला कळेना, की ह्या माणसाला मर्यादा वाढवून हवी होती तर नवं कार्ड त्याने उघडूनही का बघितलं नाही? आत वखारीत नजर गेली. अर्ध्याहून अधिक जागा रिकामी होती. भिंतीवर पोत्यांच्या उंचीपर्यंत पिवळा पट्टा उमटलेला, आणि त्याखाली नुसती फरशी.

एक वाजला. यार्डातली दुकानं दुपारी बंद असतात. आप्पांनी खातेवही मिटली, टोपी सारखी केली आणि दिवाणजींना म्हणाले, "चला, दुकान वाढवा."

दिवाणजींनी फळ्या लावायला घेतल्या.

मी जागची हलले नाही. माझी आई दिवा विझवला म्हणत नसे, वाढवला म्हणे. सासूबाईंची बांगडी कधी फुटली नाही, ती वाढली. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून आपल्याकडे उलटं बोलतात, हे मला पाळण्यातल्यापासून माहीत. पन्नास वर्षं पेढी चालवलेल्या व्यापाऱ्याच्या हातून ‘बंद करा’ असं लिहिलं जाईलच कसं? त्याने कार्ड रीतीने वाढवलं होतं. आणि मी, वाईची मुलगी, त्याचं मराठी इंग्रजी चष्म्यातून वाचत बसले होते. मला इतकी लाज वाटली की मी त्यांना तिथे काहीच सांगितलं नाही. पाणी प्यायले आणि एसटी धरली.

मुंबईला मी लगोलग लिहिलं, की भाषांतरात त्रुटी झाली, ग्राहकाने खातं बंद करायला सांगितलं होतं. कुणाच्या भाषांतरात, ते लिहिलं नाही. वाक्यच असं बसवलं की कर्ता दिसू नये. बँकेत हे कसब सगळ्यांनाच येतं. महिन्याभराने पत्र आलं. खातं बंद, फी माफ, येणे काही नाही, नंबर पुढच्या पुस्तिकेतून वगळला. अस्सल कागद, सही, शिक्का. सुभेदारांनी पाहिलं असतं तर सलाम केला असता. ते घेऊन मी पुन्हा सांगलीला गेले आणि या वेळी आप्पांना सगळं खरं सांगितलं. ‘वाढवावे’चा मी काय अर्थ लावला, तेही, आणि ‘नजर ठेवावी’ हा शेराही.

आप्पा रागावले नाहीत. उलट खो-खो हसले, आणि मला ते रागावण्याहून जड गेलं. मग पत्र हातात धरून म्हणाले, "बाई, ह्ये इंग्रजी मी यार्डात कुणाला वाचून दावू? वसुलीवाला मराठीत बोलला. लय मोठ्यानं बोलला. तुमी बी मराठीतच बोला."

"मी? कुठे?"

"हितं. उद्याच्याला सौद्यात."

मी नाही म्हणायची सगळी कारणं मनात गोळा केली. बँकेची गुप्तता, वरिष्ठांची परवानगी. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. रात्री सांगलीतच मामेबहिणीकडे राहिले आणि सकाळी सौद्याला हजर झाले.

हळदीच्या राशी, धुळीने शिंका, आणि चोहोबाजूंनी फक्त पुरुष. आप्पांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. सर्जेराव दुसऱ्या अडत्याच्या ओट्यावर उभे होते, चाळिशीचे, गळ्यात उपरणं. आप्पांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही, पण मी कुणाशी बोलायचं ते मला समजलं. मी म्हटलं, "मी बँकेतून आलेय. आप्पांकडे बँकेचं काही थकलेलं नव्हतं. त्यांनी कार्ड वेळेत बंद केलं होतं. वसुलीवाला चुकून आला. ही चूक बँकेची आहे."

मग सर्जेरावांनीच तोंड उघडलं. "बँकेची म्हंजी कुनाची, बाई?"

मी आप्पांकडे बघितलं. ते राशीकडे बघत होते.

"माझी," मी म्हटलं.

"तुमची?"

"हो. माझी. आप्पांचं पत्र मी चुकीचं वाचलं. आणि मीच त्यांच्यावर संशय घेतला."

सर्जेरावांनी उपरण्याने तोंड पुसलं. त्यांना मजा वाटत नव्हती, चेष्टाही करायची नव्हती. हिशेब विचारावा तसं त्यांनी सरळ विचारलं, "मग वसुलीवाला तुमच्या दारात कवा येनार?"

दोघे-चौघे हसले. आप्पा म्हणाले, "सर्जा, गप रं. बाईमाणूस हितवर आली हाय." आणि सौदा पुढे सुरू झाला. कुणीतरी मला चहा आणून दिला. तो मी उभ्यानेच प्यायले.

त्या हंगामात पलूसच्या तिघांपैकी दोघांची पोती आप्पांकडे परत आली. सर्जेरावांची आली नाहीत. आप्पांनी नंतर पोस्टकार्ड पाठवलं, त्यात लिहिलं होतं, सर्जाला आता माझ्याकडे यायची लाज वाटते, आणि मला त्याला बोलवायची वाटते. ज्याने पोरासारखं वागवलं आणि ज्याला वागवलं, त्या दोघांत माझा एक शेरा कायमचा येऊन बसला. पुस्तिकेतून नंबर काढता येतो. हे कशातून काढायचं, ते आमच्या बँकेच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

मी बँकेकडून मेमो येईल म्हणून कितीतरी दिवस धास्तावून होते. सकाळी टपाल आलं की आधी पाकिटांवरचे शिक्के बघायची. पण माझ्या पत्रात ‘भाषांतरात त्रुटी’ एवढंच होतं, आणि ती कुणाची हे मुंबईत कुणी विचारलं नाही. मुंबईत एकही सर्जेराव नव्हता. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. साहेबांनी शिफारशीत लिहिलं होतं, ‘कर्मचारी अत्यंत सावध.’